एका ओढीत सुटणारी गाठ

सोलापूरच्या दवाखान्यातून दादा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी ज्वारीत शिरलेली गाय हाकलत होतो आणि तोंडानं दादांचाच उद्धार चालला होता. गाय सुटली होती ती दवाखान्यात जाण्याआधी त्यांनी मारलेल्या गाठीतून. फोन कानाला लावेपर्यंत मी बोलतच होतो... महिना उलटला, तरी त्या बोलण्याची लाज जात नाही.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. लोहाऱ्याजवळच्या आमच्या शेतातून निघून ते लढाऊ विमान चालवायला गेले. एकदा उतरायच्या बेतात असताना इंजिन बंद पडलं. त्यांनी गुडघ्यांमधली मूठ ओढली, वरची काच उडाली आणि बसल्या खुर्चीसकट ते बाहेर फेकले गेले. त्या धक्क्यानं मणका दबला, पण हवाई छत्री उघडली आणि जीव वाचला. विमान कुणाच्या तरी खळ्यावर कोसळलं. माणसं पळाली. दाव्याला बांधलेली बैलजोडी तिथंच जळाली.

सुट्टीवर आल्यावर दादा ओसरीवर जमलेल्यांना समजावून सांगत होते, "आमची सीट जुनी. तिला उंची लागती, वेग लागतो. विमान खाली खचाय लागलं की छत्री उघडायला जागाच उरत न्हाय. नव्या सीटला रॉकेट असतंय, ती जमिनीवर उभ्या विमानातनंबी माणसाला वर काढती. तसली असती तर आणखी जरा थांबलो असतो, विमान माळावर नेलं असतं." आमच्या वडिलांनी, आबांनी, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी बैलं दाव्याला तशीच, अन् तू खुर्चीसकट वर?"

सगळे हसले. मीही हसलो. आबांना टोमणा मारायचा नव्हता. आग लागली की आधी दावी कापायची, एवढंच त्यांना ठाऊक. दादाही हसले, पण मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी गोठ्यातल्या सगळ्या गाठी बदललेल्या होत्या. टोक ओढलं की दावं मोकळं.

निवृत्त होऊन घरी आले तरी तेच. गाय टोक चघळायची आणि थेट ज्वारीत जायची. मी वैतागायचो, "दादा, हे विमान न्हाय, गोठा हाय." ते कट्ट्यावर पाठ ताठ ठेवून बसलेले असत. एकदाच म्हणाले, "चौकशीत माझ्यावर काय आलं न्हाय रे. पर छत्रीतनं खाली येताना त्या बैलांचं हंबरणं ऐकलंय मी..." तरीही त्यांची पाठ वळली की मी गाठी आवळून टाकायचो. ते पुन्हा सैल करायचे.

परवा संध्याकाळी बैल बांधताना सवयीनं माझीच गाठ बसली. ती सोडली आणि दादांची मारली. नीट बसली का बघायला टोक ओढलं. दावं खाली पडलं. बैल मोकळा झाला, पण जागचा हलला नाही. दादांनी छत्रीतून ऐकलेलं ते हंबरणं आठवलं आणि मलाच गोठ्यातून बाहेर यावं लागलं.