आखाजीचा डाव आणि सहा नवे गडी

भावाने धुळ्याहून माझ्यासाठी सहा जण पाठवले. शेजारच्या काकांच्या हाती, बुटांच्या खोक्यात, कापसात गुंडाळून. बोटभर उंचीचे, राखाडी प्लॅस्टिकचे: एक चेटकीण, एक ढेरपोट्या राक्षस, दोन बुटके, एक धनुष्यवाली बाई आणि एक जनावर, जे कुत्रा आहे की डुक्कर हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सोबत नियमांची झेरॉक्स आणि चिठ्ठी: 'बाई, यंदा आखाजीला जुना खेळ नको, हा नवा खेळू. करून तर बघ.'

मी खोकं फ्रिजवर ठेवलं आणि महिनाभर तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

त्याला कारण होतं. आमचा जुना खेळ भावाने पुण्यात नोकरीला असताना उचलला आणि धुळ्याला परत येताना घरी आणला. दोन सैन्यं, प्रत्येकी साठ-सत्तर शिपाई, फासे, मोजायला टेप, आणि सगळं मांडायला डायनिंग टेबलावर प्लायवूड. त्यावर उभे करायचे मनोरे आणि वेशी मी जळगावहून न्यायचे. मी पाइपच्या कारखान्यात तपासणीला आहे, फेकायच्या तुकड्यांना आमच्याकडे तोटा नाही. आता दोन पिकल्या केसांची माणसं वर्षातून एकदाच हे करू शकतात, ते म्हणजे आखाजीला, आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि एरवी पत्त्याला हात न लावणारे आबालोकही त्या दिवशी पारावर उघड डाव मांडतात. आई आमचं प्लायवूड बघून दरवर्षी म्हणते, "आखाजीले खेयाले कोन्ही ना म्हनत नई." झालं. न्याहारी आटोपली की आम्ही बसायचो ते दुपार कलेपर्यंत.

आणि अकरा आखाज्या मी जिंकत आले होते. एकदा ताप अंगात असताना जिंकले. भावाला ते डाचतं, अशी माझी पक्की खात्री. म्हणून नवा खेळ म्हटल्यावर मी मनात म्हटलं, वा रे वा, जिंकता येईना तर खेळच बदलतोस होय. लहानपणी क्रिकेटमध्ये आउट झाला की बॅट घेऊन घरी जायचा, तोच हा.

तरी एका रविवारी खोकं खाली काढलं. उत्सुकता नव्हती, खोट काढायला काहीतरी सापडावं एवढाच हेतू. नियम वाचले. प्रत्येकी सहाच गडी, पाटाएवढी जागा, आणि पाऊण तासात खेळ खल्लास. पाऊण तास? एवढ्यात तर आमच्याकडे पहिल्या पाच फाशांवरून भांडण होतं. पण गडी रंगवायला घेतले आणि हात थांबेना. चेटकिणीला मोरपंखी लुगडं दिलं. पायाखाली खडकाळ जमीन हवी म्हणून डाळमिलवाल्या मैत्रिणीकडून तुरीची चुरी आणली आणि डिंकाने चिकटवली. फार झकास दिसली. चौथ्या दिवशी लाल मुंग्यांची रांग खिडकीतून थेट राक्षसाच्या पायाशी. दोन्ही बुटक्यांच्या खालची जमीन त्यांनी रातोरात नेली. दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसाने वाळू वापरली असती. जळगावच्या माणसाला डाळच सुचणार.

मला आयतं निमित्त मिळालं. तुझ्या खेळाला मुंग्या लागल्या, आपला जुनाच बरा, हे भावाला ऐकवायला मी फोन केला. उचलला वहिनीने. भाऊ अंघोळीला गेला होता.

"ताई, तो नवा खेळ शिकलात का हो?" वहिनीने विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय? तुम्हीही उतरताय का मैदानात?"

"मी कुठली. किती वेळ लागतो म्हणे त्याला?"

"पाऊण तास. पोरखेळ आहे."

वहिनी म्हणाली, "तसं नाही, भडगावहून माझ्या आईने विचारलंय, आखाजीला येतेस का. मी म्हटलं, यांचा खेळ संपला की बघू. दरवर्षी तेच सांगते. संपेपर्यंत ऊन कलतं, मग दोन तास जायला, दोन तास यायला. राहून जातं."

तिने हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. तक्रारीचा सूर असता तर मी दोन शब्द उलट बोलून मोकळी झाले असते. पण सूर नव्हता, आणि मला लाज वाटली. मी अकरा वर्षं माहेरपण भोगलं, आणि त्याच घरात एक भडगावची लेक अंगणात चुलीवरच्या पालथ्या खापरासमोर बसून माझ्यासाठी पुरणाचे मांडे भाजत होती. आखाजी तिचीही होती. मी तिच्या हातचं जेवताना एकदाही विचारलं नाही की वहिनी, तुम्ही कधी जाणार? वर प्लायवूडवरूनच ओरडायचे, जरा तूप वाढा.

आणि भाऊ. माहेरी आलेल्या बहिणीला, लवकर आटप, मला बायकोला तिच्या माहेरी न्यायचंय, हे आमच्या घरात कुणाच्या तोंडून निघणार नाही. त्याच्या तर नाहीच. म्हणून बिचाऱ्याने कुठून कुठून शोधून पाऊण तासाचा खेळ काढला.

तो फोनवर आला तेव्हा मी म्हटलं, "बरं, खेळू तुझा नवा खेळ. पण सकाळी आठला. मला उन्हाचा त्रास होतो."

"तुला ऊन कधीपासून लागायला लागलं?"

"वय झालं," मी म्हटलं. नवा खेळ खेळायला तयार झाल्याचे उपकार माझ्या नावावर जमा झाले ते झालेच, मी कशाला नाकारू?

आखाजीला आठच्या ठोक्याला पाट मांडला. मुंग्यांनी खाल्लेल्या जमिनीवर मी या खेपेला वाळू लावली होती. ठरवलं होतं की पाऊण तासात, पण रुबाबात, बाराव्यांदा जिंकायचं. झालं भलतंच. धनुष्यवालीचे तीन बाण वाया गेले, राक्षस वेशीत अडकून बसला, आणि भावाच्या फाशांवर सहाशिवाय काही पडेना. मोरपंखी लुगड्यातली माझी चेटकीण साडेआठच्या आत आडवी. मी खरीखुरी, सपशेल हरले. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

भाऊ माझ्याकडे बघत हळूच म्हणाला, "बाई, एवढं करायची गरज नव्हती गं." मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर मागे वहिनी उभी. नवी साडी, हातात पिशवी, केसांत गजरा.

"पुरण वाटून ठेवलंय, ताई. मांडे तेवढे..." ती संकोचली.

"जा तुम्ही. मी बघते," मी म्हटलं.

बघते कसली. मांडा दोन्ही हातांवर पसरत कोपरापर्यंत नेऊन खापरावर टाकायचा असतो. माझा पहिला हातातच फाटला, दुसरा चुलीत गेला. आई बाजूला बसून बघत होती. "बठ्ठं येस तुले," ती म्हणाली, "हाईच येत नई." म्हणजे सगळं येतं मला, एवढं सोडून. दुपारी आम्ही दोघींनी पुरण वाटीत घेऊन चमच्याने खाल्लं.

संध्याकाळी भडगावहून वहिनीचा फोन आला. मागे झोक्यावरच्या बायकांची गाणी चालू होती. तिला ओरडून बोलावं लागत होतं.

"ताई, हे म्हणाले तुम्ही मुद्दाम हरलात."

मी म्हटलं, "हो."

"मग पुढच्या आखाजीलाही हराल ना? असंच, लवकर?"

मी हो म्हणून बसले. आता पंचाईत अशी आहे की खेळ मला आवडलाय.