बाईंची शिरगणती

घरात माणसं किती, असं बाई कधीच विचारत नसत. दारातूनच म्हणत, “आज भात कुणाकुणासाठी टाकलास गं?”

एक्याऐंशी सालची शिरगणती. आम्ही मास्तर लोक घरोघर फिरून नावं लिहायचो आणि आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणजे या बाई, आमच्यावर देखरेख करायच्या. त्यांची छत्री लांबून दिसली तरी आम्ही बिड्या विझवत असू.

आमचं गाव हातखंब्याहून आत, पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून. गडीमाणसं बहुतेक सगळी मुंबईला. पण आईला विचारा, ती चारही मुलगे घरात धरूनच सांगणार. त्यात लबाडी नसते, तुम्हालाही ठाऊक आहे. भाताचा प्रश्न आला की मात्र ती जरा थांबायची आणि सांगायची, “मला नि म्हाताऱ्याला.” बाई तेवढीच नावं लिहायला लावत.

एक आजी भडकलीच. “माजा पोरगा मुंबयला हाय म्हून काय माजा नाय?”

“तुझाच आहे गं. पण त्याला मुंबईत मोजतील. दोनदा कसा मोजायचा?”

बाईंचं स्वतःचं घर माझ्याच वाट्याला आलं होतं. नवरा वारलेला, एकुलता मुलगा मुंबईला गिरणीत. मी वही उघडली तशी त्या म्हणाल्या, “एक. लिही.” आणि चहा टाकायला आत गेल्या.

गावाला दवाखाना हवा होता. ठरावीक वस्ती असेल तरच मिळणार, आणि खरी मोजली तर आमची कमी भरत होती. तालुक्याचे एक पुढारी शाळेत आले, बाईंच्याच खुर्चीत बसले आणि गोडीत म्हणाले, “बाई, शिमग्याला घरं कशी भरतात, बघता ना? त्या हिशेबानं लिहा. माणसं आपलीच आहेत.”

“मग शिरगणती शिमग्यात ठेवायला सांगा. मी लिहिते.”

“बदल्या आमच्या हातात असतात, बाई.”

“ठाऊक आहे. बदली तुम्ही करा. आकडा बदलू नका.”

बाईंनाही दवाखाना हवाच होता. त्यांचं म्हणणं एवढंच, की आज गावासाठी आकडा फुगवला तर उद्या गावाविरुद्धही कुणी फुगवेल, आणि मग खरं सांगितलं तरी कोण ऐकणार? हे त्या आम्हाला फळ्यावरचं गणित समजावल्यासारखं सांगत. मला त्यांचा तेव्हा फार अभिमान वाटला. गावाला मात्र राग आला. दवाखाना दुसऱ्या गावाला गेला आणि पाणवठ्यावर बायका बाईंशी बोलेनाशा झाल्या.

पुढे शिमगा आला. मुंबईकरांनी गाव भरलं, पालखी नाचायला लागली. पुढारी तिथेही होते. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बघा बाई. ही काय माणसं नाहीत?”

बाई शांतपणे म्हणाल्या, “आहेत ना. पण आठ दिवसांनी इथे कुणाला ताप चढला तर डोली उचलायला यातला एक तरी असेल का? कुणी नसतं, हेच मी लिहिलंय. तेच वर दाखवा आणि दवाखाना मागा.”

पुढारी पालखीकडे वळले. बायका मात्र एकमेकींकडे बघत राहिल्या.

मे महिन्यात बाईंची बदली झाली, पार पोफळीच्या बाजूला. निघायच्या दिवशी मी एक बोचकं उचललं. ट्रंक जड होती आणि ती उचलायला गावात दुसरा गडीमाणूस नव्हता. कुणी न बोलावता बायकाच आल्या. त्यांनी आळीपाळीनं ट्रंक डोक्यावर घेतली. पाखाडीच्या मधोमध एकीनं दम खाल्ला आणि म्हणाली, “तुमी बोललात ते खरं हाय ओ बाय. गावात हाय कोण?”

बाईंनी छत्री माझ्याकडे दिली, पदर खोचला आणि ट्रंकेला एका बाजूनं स्वतः हात लावला.