भिका ड्रेसर आणि जखमेची कड

मोखाड्यापासून जीपने पाऊण तासावरच्या आरोग्य केंद्रात मी अकरा वर्षं औषधं वाटली. तेवढ्या काळात नऊ डॉक्टर आले आणि गेले. भिका ड्रेसर मात्र होता तिथेच होता. नवा डॉक्टर पहिल्या आठवड्यात भिकाला जखम कशी धुवायची ते शिकवायचा, आणि दुसऱ्या आठवड्यापासून भिकाला विचारून औषध लिहायचा.

भिका सातवी पास. कोयत्याचा घाव असो, भाजलेला हात असो, की आठ दिवस पाला बांधून सडवलेला पाय असो, तो रुग्णाचा पाय स्वतःच्या मांडीवर घ्यायचा आणि निवांत धूत बसायचा. वास आला तरी नाक मुरडायचा नाही. ते काम मी करायचो, खिडकीआडून.

त्याची एक खासियत होती. जुन्या एक्स-रे फिल्म सोड्याच्या गरम पाण्यात घासून तो काचेसारख्या पारदर्शक करायचा. दर बाजाराच्या दिवशी फिल्म जखमेवर धरायची आणि पेनाने तिची कड उतरवायची. पुढच्या आठवड्याची रेघ आधीच्या रेघेच्या आत पडली की जखम भरतेय. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं, त्यालाही ते वाचता यायचं. “कातडी मधून नाय उगवत,” भिका सांगायचा, “कडंकडून चालत येते.” हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पाहून पाहून कळलं होतं. त्या फिल्मचा त्याला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाच होता.

सत्त्याण्णव साली भातलावणी उरकल्यावर चैती आली. लहानपणी ती राब भाजलेल्या, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळलेल्या, शेतात धावली होती. वर राख, खाली निखारे. नडगीवर तेव्हापासून वीतभर चकाकता व्रण होता. दर पावसाळ्यात चिखलात उभं राहून तो चिरायचा आणि आपोआप मिटायचा. या खेपेला मिटला नाही. नवरा गेलेला, उतारावरची नाचणी एकटीने करायची. पाय हेच तिचं सगळं भांडवल.

“राहील ना रं पाय?” तिने विचारलं.

“राहील म्हंजे? नाचशील,” भिका म्हणाला.

आणि रेघा आत येऊ लागल्या. आठ आठवडे, आठ रेघा, एकीच्या आत एक.

दिवाळीनंतर ममता मॅडम रुजू झाल्या. वय चोवीस. त्यांनी चैतीचा पाय उजेडात धरला आणि जखमेच्या कडेवरून बोट फिरवलं. कड फुगून बाहेर वळली होती, टणक लागत होती. “हिला नाशिकला पाठवू. तुकडा काढून तपासायला हवा,” त्या म्हणाल्या.

भिका चिडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्याने फिल्म टेबलावर ठेवली. “मॅडम, हे बघा. भरत आलीय. आता नाशिक कशाला?” मॅडमनी फिल्म पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी शहाणा माणूस. म्हणालो, “भिकाच्या हाताला गुण आहे, मॅडम.” त्यांनी एक महिना दिला.

महिन्याभरात भोक चिंचोक्याएवढं उरलं. भिका खुशीत होता. मॅडमनी चैतीची जांघ चाचपली, तर तिथे गाठ. त्याच दुपारी त्यांनी तिला जीपमध्ये बसवलं. नाशिकला गाठ काढली, आणि पाय गुडघ्याच्या वर कापला.

कॅन्सरचा रिपोर्ट आल्यावर मॅडमनी भिकाला शेजारी बसवून समजावलं. आईच्या पोटात शरीर घडतं तेव्हाही कातडीच्या पेशी चालतात. जखम झाली की पुन्हा चालतात, शेजारणीचा हात न सोडता, आणि समोरून येणारीला भेटल्या की थांबतात. चैतीच्या पेशी थांबायचं विसरल्या होत्या. त्या एकमेकींवर चढत होत्या, हात सोडून जांघेपर्यंत पोचल्या होत्या. भोक भरत नव्हतं, कडच त्याच्यावर चढत होती.

“म्हंजे चालायचं कसब तेच?” भिकाने विचारलं.

“तेच.”

“नि मी नुसतं भोक मोजत बसलो.” तो मागे जाऊन हौदावर हात धूत राहिला. हात स्वच्छच होते. मला माझी लाज वाटली, पण मी तसं म्हणालो नाही.

चैती कुबड्या घेऊन परतली आणि भर बाजारात सांगत सुटली, “भिकानं बुजवत आणलेली. बोटभर राह्यलेली. मॅडमनं घाई केली नि पाय गेला.” भिका तिथेच होता. तो मोठ्याने म्हणाला, “नाय, बाय. चूक माझी. मॅडम महिनाभर आधी पाठवत होती, मी अडवलं.” लोकांनी माना हलवल्या. एवढा गुणी माणूस, पण जरा म्हणून गर्व नाही, असं त्यांचं मत पडलं. आजूबाजूच्या पाड्यांवरून गर्दी दुप्पट झाली.

त्यात तुका आला. भाजल्याचा जुना व्रण, त्यावर न भरणारी जखम, कड बाहेर वळलेली. भिकाने पाहिलं आणि पट्ट्यांची पेटी बंद केली. “नाशिक,” तो म्हणाला. “तूच बुजव,” म्हणून तुका हटून बसला. शेवटी भिकाने रजा टाकली आणि त्याला स्वतः घेऊन गेला. रोग वेळेत सापडला. तेवढा भाग काढून वरून कातडी लावली. तुका दोन पायांवर चालत परत आला. भिकाने नाशिकच्या डॉक्टरांना कसं शिकवलं, याच्या कथा आठवडाभर चालल्या.

पुढच्या बाजारी चैती पट्टी बदलायला आली. तुका समोरून चालत गेला, तिने त्याचे दोन्ही पाय नीट पाहून घेतले. मग भिकाला म्हणाली, रागाने नव्हे, सहज, “भिका, तवा दिवाळीमागंच तू माज्यासंगं नाशकाला आला असतास, तर माजाबी पाय राह्यला असता.”

इतक्या दिवसांत तिचं हे एकच बोलणं अगदी खरं होतं. भिकाने मान खाली घातली आणि तिच्या मांडीची पट्टी सोडायला घेतली.