आपली भाकर

माझा स्वभाव तेव्हाही तापटच. धुळ्याला तीन वर्षं ख्रिस्ती शास्त्राचा अभ्यास केला, परीक्षेत पहिली आले आणि सोनगीरच्या पलीकडं एका खेड्यात बायकांना प्रार्थना शिकवायला जाऊन राहिले. वय तेवीस, आणि नाकावर माशी बसू देत नव्हते. इंग्रज जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, मिशनच्या मडमबाईही मायदेशी परतल्या होत्या, त्यांचं काम आमच्यासारख्या पोरींवर आलं होतं. मला वाटे, बरंच झालं. त्यांच्यापेक्षा मी चांगलं शिकवीन.

वर्गात पाच बायका होत्या, पण माझं डोकं खाल्लं ते एका म्हातारीनं. तिला मी अक्का म्हणे. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दिवसभर लोकांच्या वावरात कपाशी वेचायची आणि तिथून थेट वर्गाला यायची. तिला बाप्तिस्मा घ्यायचा होता. पाळकसाहेब धुळ्याहून वर्षातून एकदाच, नाताळच्या आधी येत आणि प्रभूची प्रार्थना तोंडपाठ म्हणायला लावत. आदल्या वर्षी तिला ती धड आली नव्हती, म्हणून साहेबांनी तिला परत पाठवलं होतं. यंदा ती हात धुऊन माझ्या मागं लागली होती.

"औंदा नही तं मंग कव्हय, बाई?" ती म्हणे. "मी काय कपाशीनं झाड शे का, दर साल नवं उगाले?"

प्रार्थना तिनं पाठ केली, आपल्या बोलीतच. बोलीला माझी हरकत नव्हती. अडलं ते एका शब्दाशी. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ हे मागणं आलं की ‘आमची’ म्हणायच्या ऐवजी ती ‘आपली भाकर’ म्हणे.

"अक्का, आमची! आपली म्हटलं की ज्याच्याशी बोलतोय तोही त्यात आला. देवाला का भाकर लागते?"

"बरं, बाई," असं म्हणून मान डोलवायची आणि पुन्हा आपलं ‘आपली’च! पंधरा दिवस पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एकदा मी पुस्तक सतरंजीवर आपटलं. "तुला बाप्तिस्मा हवाय की नकोय?"

ती घाबरली नाही. उलट मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "आमनी म्हनं तं तो बाहेर राही जास ना, बाई. आपली म्हनं का तो बी जेवाले बसस."

बाकीच्या बायका हसल्या. मीही हसले, पण मनात नाही. दारावरून कुणी जात असलं तर ‘या जेवाले’ म्हटल्याशिवाय या म्हातारीनं कधी घास मोडला नव्हता. कोरडी भाकर आणि मिरचीचा ठेचा असला तरी बोलवायची. मग ज्याच्याकडं भाकर मागायची, त्यालाच तेवढं दाराबाहेर उभं कसं ठेवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शुभवर्तमान काढून बसले. खरं तर तिची चूक शोधायला बसले होते. आणि काय सांगू, पानापानावर प्रभू आपला जेवतोय! लग्नाला गेला, जेवला. लोक ज्याची सावली टाळत त्या जकातदाराच्या घरी जेवला. मरणातून उठला, तरी सरोवराच्या काठी निखारे पेटवून मासे भाजले आणि सोबत्यांना हाक मारली, या, खाऊन घ्या. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं. पैकीच्या पैकी मिळवले होते. आणि माझ्या स्वतःच्या ताटावर मी रोज डोळे मिटून घाईघाईनं आमेन म्हणत होते. मला माझी अशी लाज वाटली की चहा निवून गेला तरी प्यायले नाही.

एवढं कळूनही शहाणपण सुचलं ते कोतंच. अक्काला म्हटलं, "साहेबांसमोर एकदा आमची म्हण. मग घरी काय म्हणायचं ते म्हण." ती "बरं" म्हणाली. तिच्या ‘बरं’ची किंमत मला ठाऊक होती.

साहेब आले. झाडाखाली खुर्ची टाकली, बायका सतरंजीवर बसल्या. अक्कानं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. प्रार्थना सुरेख चालली होती, आणि आलीच ती ओळ. "आपली भाकर."

साहेबांनी थांबवलं. "आजी, आमची म्हणा. देवाला भूक लागत नाही."

"मंग तो बाप कसाना, आबा?" अक्का शांतपणे म्हणाली. "पोरे जेवतीन नि बाप नुसता दखत बसी?"

साहेबांनी चष्मा काढला. "पुढच्या वर्षी बघू," असं म्हणून पुढच्या बाईकडं वळले. अक्कानं पदर तोंडाशी धरला. ते मला बघवेना. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, मी उभी राहिले.

"साहेब, नापास करायचं तर मला करा. लहानपणापासून मी ही प्रार्थना म्हणते, चुकत नाही. पण एकदाही मला त्याला जेवायला बोलवावंसं वाटलं नाही. ही रोज बोलवते. आमच्या दोघींत प्रार्थना कुणाला येते, सांगा तुम्ही!"

एका मुलीनं पाळकाशी असं बोलायचे ते दिवस नव्हते. तरी मी उभीच राहिले. साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला आणि अक्काकडं नीट बघितलं. मग उठून माझ्याकडं वळले.

"पाणी आणा."

बाप्तिस्म्याचं पाणी सकाळीच भरून ठेवायचं काम माझं होतं, आणि मी ते भरलंच नव्हतं. बाकीच्या चौघींचा बाप्तिस्मा आधीच झालेला, त्या नुसत्या उजळणीला आल्या होत्या. पाणी लागणार होतं ते एकट्या अक्कासाठी. आणि ती पास होईल असं मला वाटलंच नव्हतं.

अक्का उठली. झाडामागं गेली आणि एक घागर घेऊन आली. तोंडाला स्वच्छ फडकं बांधलेली, काठोकाठ भरलेली. पहाटे कामाला निघायच्या आधी तिनंच ती विहिरीवरून भरून आणून ठेवली होती.