खेड्यात राहण्याची अट

माझं किराणा दुकान घाटनांदूरच्या स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. दुकानापुढच्या बाकड्यावर सकाळपासून माणसं बसतात आणि गाव कसं वाया गेलंय यावर बोलतात. त्या बाकड्याचा अध्यक्ष मीच. गिऱ्हाइकाची साखर तोलता तोलता मी सांगायचो, इथं काही राहिलं नाही, ज्याला जमेल त्यानं निघावं. मी स्वतः कुठं निघालो नाही, ही गोष्ट वेगळी. माझी मुलगी गल्ल्याशेजारी बसून अभ्यास करायची आणि हे भाषण रोज ऐकायची.

अंबाजोगाईला नर्सिंग पूर्ण करून ती घरी आली, तेव्हा गावातल्या एका डॉक्टरांनी तिला आपल्या दवाखान्यात कामाला बोलावलं. ती संध्याकाळी खुशीत दुकानात आली.

"अप्पा, मी इथंच करते काम. घरी बी राहता येईल, अन् पेशंट सगळे ओळखीचेच हायत."

"गावातच राहायचं होतं तर शिकवलं कावून तुला?" मी म्हणालो.

बाकड्यावरचे सगळे हसले. तीही हसली. पुढच्या महिन्यात ती पुण्याला गेली. मला तेव्हा आपण मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं.

पुण्यात चार-पाच वर्षं काढल्यावर ऑस्ट्रेलियाचं निघालं. तिथला एक वृद्धाश्रम तिला स्पॉन्सर करणार होता. म्हणजे काय, ते तिनं मला फोनवर सावकाश समजावलं. मालकानं सरकारला सांगायचं की आमच्याकडे नर्स मिळत नाही, ही मुलगी हवी. मग सरकार तिला येऊ देणार. पण अट अशी, की काही वर्षं त्याच मालकाकडे आणि त्याच भागात राहायचं. "रीजनल भाग हाय, अप्पा," असंही ती म्हणाली. आता आपल्याकडे बँकेचं रीजनल ऑफिस असतं ते मोठ्या शहरात. मला वाटलं, तसलंच काही शहर असणार. बायको कपिलधारला जाऊन नारळ फोडून आली. मी बाकड्यावर पेढे वाटले. सिडनी की मेलबर्न, असं कुणी विचारलं, की "त्याच्या बाजूलाच," म्हणायचो.

ती पोचली आणि तिनं व्हिडिओ कॉल लावून गाव दाखवलं. एक सरळ रस्ता. एक पेट्रोल पंप, एक दुकान, धान्य साठवायची पत्र्याची उंच कोठारं. एक ट्रॅक्टर निवांत गेला आणि चालवणाऱ्यानं तिला हात केला. रस्ता तिथं संपला, पुढं नुसती गव्हाची रानं.

"अगं, शहर कुठंय?" मी विचारलं.

"हेच हाय की. शहरातल्या नर्सा इकडं यायला तयार न्हाईत, म्हणून तर मला बोलावलं."

बायकोनं फोन जवळ घेऊन नीट पाहिलं. "बाई गं, आपल्या गावाला निदान रेल्वे तरी हाय," ती म्हणाली. मुलगी पोट धरून हसली. मला काही हसू आलं नाही. मी गाव सोडवून तिला सातासमुद्रापार पाठवली आणि ती गावातच जाऊन उतरली होती. बाकड्यावर मी यातलं अवाक्षर काढलं नाही.

त्यानंतर प्रत्येक फोनवर माझं एकच चालायचं. दिवस काढ. अटीची वर्षं सरली की मोठ्या शहरात जा. तुरुंगातल्या माणसाशी बोलावं तसा मी बोलायचो. सुरुवातीला ती "हो अप्पा" म्हणायची. पुढं पुढं ती विषय बदलू लागली. आज आश्रमातल्या म्हातारीला दाण्याची चटणी खाऊ घातली, आज दुकानदारानं माझ्यासाठी मुद्दाम हिरव्या मिरच्या मागवल्या, असलं काहीतरी सांगायची. मी म्हणायचो, बरं बरं, पण आता किती राहिलं?

दरम्यान बायकोची साखर वाढली आणि इन्सुलिन सुरू झालं. ते देण्याचं काम माझ्याकडे आलं. आयुष्यभर तराजू धरला, पण सुई टोचली की मी लगेच ओढून काढायचो. मुलगी फोनवरून बघायची. "अप्पा, घाई नका करू. टोचल्यावर दहापर्यंत मोजा, मग काढा." तिच्या मागं कुणीतरी म्हातारा खोकत असायचा. ती मान वळवून त्याला दोन शब्द बोलायची आणि परत आमच्याकडे बघायची. तो म्हातारा मला नकोसा वाटायचा. खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटायचा.

गेल्या महिन्यात अट संपली. तिला कायमचं राहण्याचा कागद मिळाला. फोन आला तेव्हा बायकोच्या इंजेक्शनची वेळ होती आणि मी इन्सुलिनचं पेन हातात घेऊन बसलो होतो.

"सुटलीस बघ," मी म्हणालो. "आता मेलबर्न बघ, न्हाईतर सिडनी. न्हाईतर सरळ घरी ये."

ती मग म्हणाली, "न्हाई अप्पा. मला गाव सोडवत न्हाई."

मला वाटलं, ती घाटनांदूरबद्दल बोलतेय. मी तिची खोली झाडून घेण्याचाही विचार करून टाकला.

"इथली समदी आता माझ्या ओळखीची झालीत," ती पुढं म्हणाली. "त्यांना सोडून कुठं जाऊ?"

बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साधाच होता.

"मंग नगं सोडू, बाळा," ती म्हणाली. "ऱ्हा गावातच."

एवढंच तर मी म्हणायला हवं होतं त्या संध्याकाळी, दुकानात.