हनुमंतमामांच्या बॅटऱ्या आणि माझी तपासणी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असे कुणी विचारले तर मी हनुमंतराव साळुंके हे नाव सांगेन. म्हैसूरमध्ये येलवालच्या रस्त्यावर गाड्यांच्या बॅटरीचे दुकान चालवणारे हे गृहस्थ मागच्या महिन्यात गेले. त्यांच्या मुलीचा, सुमनचा, फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडत होतो. "अण्णा, अप्पा गेले. तुम्ही येता अल्वा, येता ना?" एवढेच ती बोलली. मी गेलो. घरात जमलेल्यांना ती सांगत होती, "हे अप्पांचे इंजिनिअर." एक वृद्ध नातेवाईक म्हणाले, "तुमचं नाव काढल्याशिवाय त्याची कॉफी उतरायची नाही." मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटले, दुःख झाले आहे. दुःख होतेच... पण मान त्यामुळे खाली गेली नव्हती.

माझे वडील म्हैसूरजवळच्या एच. डी. कोटे गावी शिवणकाम करत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. म्हैसूरला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, पण राहण्याची सोय होईना. विठ्ठलाच्या देवळात वडिलांनी हनुमंतरावांना गाठले. त्यांचे पूर्वज इकडे आलेल्या जुन्या मराठी फौजेतले, आमचे त्या फौजेचे कपडे शिवणारे. नाते काहीच नव्हते, दोन्ही घरांत मराठी बोलत एवढेच. तेवढ्यावर त्यांनी मला दुकानामागची खोली चार वर्षे दिली आणि दोन वेळा आपल्या पंगतीला बसवले. मी त्यांना मामा म्हणू लागलो. ते स्वतः कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. इंग्रजी कागद आला की पाकीट न फोडता माझ्यासाठी ठेवत. मी वाचून मराठीत सांगायचो आणि ते समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणायचे, "बघितलंस? घरातच वकील आहे."

बंद पडलेली गाडी आली की मामा हत्याराला हात लावत नसत. आधी हेडलाइट लावायला सांगत, मग चावी फिरवायला. दिवा तसाच लख्ख राहिला आणि नुसता 'टक' आवाज आला, तर करंट स्टार्टरपर्यंत पोचत नाही. दिवा मिणमिणला, तर बॅटरी उतरली आहे किंवा वाटेत कुठेतरी जोड खराब आहे. चार-पाच वेळा चावी फिरवून झाली की ते एकेका जोडाला बोट लावत. जो जोड तापला तो दोषी. मग बॅटरीच्या प्रत्येक खान्यातले पाणी काचेच्या नळीत ओढून किती चार्ज उरला आहे ते पाहायचे. बॅटरीला सर्वांत शेवटी नावे ठेवायची, हा त्यांचा नेम. एकदा मी घाईने म्हणालो, "मामा, बॅटरी गेली." ते हसले. "सुम्ने, उगाच नको बोलू रे पांडू. ती बिचारी तोंड उघडून सांगत नाही, म्हणून सगळे तिच्यावर ढकलतात. निगेटिव्हची वायर बॉडीला कुठे बसवलीय, ते नोडु आधी. नुसतं बघू नको, मीटर लाव." कॉलेजात करंट आणि अडथळ्याचे जे सूत्र मी पाठ केले होते, ते मला तिथे समजले.

पदवी घेतली आणि एका खासगी शाळेत बसगाड्यांची देखभाल पाहण्याची नोकरी लागली. पहिले सहा महिने प्रोबेशनचे होते. त्या बसच्या बॅटऱ्या चार्ज करण्याचे काम कित्येक वर्षे मामांकडेच होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत बसना नवा रंग दिला. ते काम माझ्या देखरेखीखाली झाले. शाळा सुरू झाली आणि पहिल्याच सकाळी तीन बस सुरू होईनात, दुसऱ्या दिवशी पाच. ढकलून सुरू केल्या तरी संध्याकाळी पुन्हा तेच. व्यवस्थापकांनी बोलावले. "बॅटऱ्या कोण बघतो?" मी म्हणालो, "बाहेरचा एक माणूस आहे, सर." ज्यांच्या ताटातले चार वर्षे खाल्ले, ते बाहेरचा एक माणूस झाले. मी एकही जोड तपासला नव्हता. तरीही विचारल्यावर म्हणालो, चार्जिंग नीट होत नसावे. ते म्हणाले, "तसं लिहून द्या." मी दिले.

त्या रविवारी एका ड्रायव्हरला बोलावून मी स्वतः बसखाली शिरलो. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावले आणि ड्रायव्हरला चावी फिरवायला सांगितले. काटा जागचा हलायला नको होता. तो दोन व्होल्टवर गेला. बॉडीला बसणारी निगेटिव्हची वायर रंगाऱ्यांनी ओल्या रंगावरच आवळली होती. त्या रंगातून ना स्टार्टरला पुरेसा करंट मिळत होता, ना बॅटरी धड चार्ज होत होती. मी प्रत्येक बसचा तेवढा रंग खरवडला, बोल्ट आवळले. सोमवारी सगळ्या बस सुरू झाल्या. मामांचे काम बंद करण्याचे पत्र तोवर टाइप होऊन माझ्या टेबलावर आले होते, सहीसाठी. व्यवस्थापकांकडे जाऊन "चूक माझी आहे" एवढे म्हणायचे होते. कोट्याला वडिलांनी गावभर पेढे वाटले होते, नोकरी गेली तर त्यांना काय सांगू... असे मी मनाला समजावले आणि सही केली.

चार दिवसांनी मामांनी निरोप पाठवून बोलावले. पाकीट बंदच होते. "तुझ्याच शाळेचा कागद आलाय. वाच." मी वाचले, म्हणजे वाचल्यासारखे केले. म्हणालो, "नवा नियम झालाय, मामा. आता सगळं काम कंपनीलाच द्यायचं आहे."

"बॅटरीबद्दल काही लिहिलंय?"

"नाही."

"आयतु, असू दे. नियम आहे तर काय करायचं." त्यांनी कॉफी माझ्यापुढे सरकवली. थोड्या वेळाने विचारले, "बस सुरू होतात ना आता?"

"होतात."

"बॉडीची वायर बघितलीस?"

"बघितली."

"मीटर लावून?"

"हो."

"मग झालं," ते म्हणाले आणि सुमनला माझ्यासाठी आणखी एक इडली आणायला सांगितले.

त्यांना कळले होते का, हे मी कधीच विचारले नाही. पुढे मला बढती मिळाली, म्हैसूरच्याच गोकुलम भागात घर झाले. मी त्यांच्याकडे वर्षातून एकदा जाऊ लागलो, मग तेही चुकू लागले. शाळेचे काम गेल्याचे ऐकून आणखी दोन-तीन ठिकाणच्या बस त्यांच्याकडून गेल्या, हे सुमनने परवा सहज सांगितले. ते पत्र इंग्रजीत होते. त्याची प्रत माझ्याजवळ आहे. मामांना तेव्हा वाचून दाखवायला हवे होते, तसे आज मराठीत पूर्ण वाचतो आहे.

"श्री. हनुमंतराव साळुंके यांस,

आमच्या बसगाड्या सकाळी सुरू न होण्याच्या तक्रारी वारंवार येत आहेत. आपल्याकडील बॅटरी चार्जिंग सदोष असल्यामुळे हे घडत असल्याचे तपासणीत आढळून आले आहे. सबब आपले काम या पत्राच्या तारखेपासून बंद करण्यात येत आहे. याबाबत आपले कोणतेही म्हणणे विचारात घेतले जाणार नाही. सदर तपासणी खाली सही करणाऱ्याने स्वतः केली आहे.

के. पांडुरंग राव, बी. ई."