वाणाची काळी पोत

माझा हात सढळ आहे असं कुणी म्हटलं की हल्ली मला उठून जावंसं वाटतं. सढळ हातानं मी जे एकदा वाटलं, ते वाटलं नसतं तर बरं झालं असतं. तेही संक्रांतीचं वाण म्हणून, सवाष्णींची ओटी भरून, वर तिळगूळ देऊन. देवाधर्माचं नाव पुढे केलं की आपण काहीही खपवतो, हे मी आधी दुसऱ्यांविषयी बोलत असे.

पेणला रामवाडीत आमचं घर. नवरा शाळेतून निवृत्त झालेला, एक मुलगी, ती रोह्याला दिलेली. घरात बसून माझं डोकं फिरायला लागलं होतं, तेव्हा ओळखीतून हे काम आलं. मुंबईचा एक व्यापारी खोट्या दागिन्यांचा माल परदेशी पाठवतो. त्याला आम्ही सगळ्या शेठ म्हणतो. त्याचे मणी, कड्या, हुक खोक्यांतून माझ्याकडे येतात. मी ते खाडीकडच्या गावांतल्या बायकांना वाटून देते, त्या घरी बसून माळा ओवतात, मी तपासते आणि परत पाठवते. आमच्याकडच्या बऱ्याच बायका गणपतीच्या कारखान्यात रंगकाम केलेल्या. मूर्तीचे डोळे रेखणाऱ्या हाताला मणी ओवणं म्हणजे काय! गणपती गेले की कारखाने थंडावतात, मग या बायका माझ्याकडे.

शेठ पहिल्यांदा घरी आला तेव्हा चहाच्या एका कपात त्यानं मला जगाचा भूगोल शिकवला. स्वित्झर्लंडात म्हणे सोन्याची खाण औषधालाही नाही, पण निम्म्या जगाचं सोनं तिथं जाऊन शुद्ध होतं आणि बाहेर पडतं. साखळी करावी ती इटलीनं. रंगीत खडे थायलंडचे, मोती हाँगकाँगच्या बाजारातून, हिरा कुठलाही असो, घासायला आपल्या सुरतेला. मी विचारलं, आणि पेण? तो हसला. म्हणाला, पेण पण आहे ना, फक्त पेटीवर लिहीत नाही. मला राग आला होता, पण चारचौघींत सांगायला तेवढंही पुरलं. आमची माळ जर्मनीला जाते, असं मी भाजीवालीलासुद्धा ऐकवलेलं आहे. नवरा म्हणायचा, जर्मनीला माहीत आहे का ते? त्याला काय, शाळेत पोरांना टोमणे मारून जिभेला सवय लागलेली.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता जर्मनीचीच एक ऑर्डर आली. बारीक काळे मणी, मध्ये मध्ये पिवळ्या धातूच्या नाजूक कड्या, मागे हूक. तिकडच्यांना तो नेकलेस, आपल्याला सरळसरळ आखूड मंगळसूत्र, फक्त वाट्या नाहीत. बायका हसून बेजार झाल्या, की तिकडे लग्नाआधीच पोत घालतात वाटतं. माल तयार झाला, गेला, आणि महिन्याभरात त्यातली दोन खोकी परत आली. पाठोपाठ शेठचा फोन. नमुना तपासणीत नापास झाला होता. कड्यांच्या आणि हुकाच्या धातूत निकेल जास्त होतं. घामानं ते कातडीला लागतं, खाज सुटते, कुणाकुणाला चिघळतं. तिकडे त्याला कायदा आहे, असा माल बंदरातून आत घेत नाहीत. मी विचारलं, मग या दोन खोक्यांचं काय करू? तो म्हणाला, विका, वाटा, काय वाटेल ते करा, इथं कोण विचारतंय? आणि मी हसले. फोनवर, मोठ्यानं. माणूस किती सहज हसतो.

खोकी माळ्यावर गेली आणि संक्रांत आली. हळदीकुंकू करायचं होतं. दरवर्षी तेच प्लास्टिकचे डबे आणि चाळण्या देऊन मला कंटाळा आला होता. शिवाय बायका मागे काय बोलतात ते मला ठाऊक होतं, कारण दुसऱ्यांच्या वाणाबद्दल मीही तेच बोलते. मग माळ्यावरची खोकी आठवली. संक्रांतीला काळ्याचा मान, त्यात काळी पोत म्हणजे सौभाग्याचं लेणं. काय सुचलं गो मला, असं मीच मला म्हटलं. शेजारणींना आणि नातेवाइकांना स्टीलच्या वाट्या आणल्या. माझ्याकडे काम करणाऱ्या बायकांना त्या काळ्या माळा.

मुलगी रोह्याहून सणाला आली होती. तिनं खोक्यातली एक माळ उचलून गळ्याला लावून पाहिली, आरशासमोर मान वळवली. आई, ही मी घेऊ? मी तिच्या हातून ती काढून घेतली. तुझी कातडी नाजूक आहे, तुला नाही मानवायची, असं म्हणाले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण ती माझ्याच हाताला येऊन चिकटेल असं वाटलं नव्हतं. मला माहीत होतं. हे मी इथं स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढे चार महिने मी स्वतःला सांगत राहिले, की मला नीटसं माहीत नव्हतं.

त्या बायकांत एक होती, मिठागरात राबणाऱ्या घरातली. वय तिशीच्या आतबाहेर, बोटं अशी चालायची की बघत बसावं, आणि तोंड त्याहून जास्त. नवरा धरमतरच्या खाडीत बार्जवर, पंधरा-पंधरा दिवस पाण्यावर. तिच्या गळ्यातली जुनी पोत झिजून दोरा निघालेला होता. दुसऱ्या दिवशी ती माल न्यायला आली तर तिनं त्या जुन्या दोऱ्यातल्या सोन्याच्या दोन बारक्या वाट्या काढून माझ्या वाणाच्या माळेत ओवलेल्या. कशी दिसते, काकू? मी म्हटलं, छान दिसते. दुसरं काय म्हणणार होते?

शिमग्याच्या सुमारास ती माल द्यायला आली की पदर मानेभोवती घट्ट ओढून बसायला लागली. उकाड्यात पदर कसला गुंडाळतेस, म्हणून मी ओढला, तर गळ्याभोवती लाल पट्टा. हूक टेकतो तिथं मागे तर कातडी सोललेली. ती म्हणाली, घामोळं हाय. मी लगेच होकार दिला, घामोळंच ते. मेडिकलमधून मलम आणून दिलं. काकू किती करतात, असं तिनं बाकीच्या बायकांना सांगितलं. मी ते सांगू दिलं.

पाडव्यापर्यंत पट्टा काळा पडला, खपल्या धरल्या, रात्री खाजवून रक्त येतं म्हणाली. मी सहज बोलल्यासारखं म्हटलं, काढून ठेव की थोडे दिवस. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले. नवरा पाण्यावर असताना गळ्यातलं काढ म्हणता, काकू? मी जीभ चावली. खरं तर वाट्या साध्या दोऱ्यात ओवून दोन मिनिटांत तिला सोडवता आलं असतं, त्यात अशुभ काही नव्हतं. पण तसं सुचवलं असतं तर तिनं विचारलं असतं, का? आणि त्या 'का'ला मी भीत होते. तिच्या गळ्यापेक्षा मला माझं नाव प्यारं होतं, एवढीच ती गोष्ट आहे.

मग वैशाखात एका दुपारी ती एकटीच आली. दार लोटून घेतलं, खाली बसली आणि रडायला लागली. मला वाटलं, नवऱ्याचं काही बरंवाईट झालं. तसं नव्हतं. तिनं चोरी केली होती. जर्मनीच्या त्या ऑर्डरच्या वेळी तिनं ओंजळभर काळे मणी घरी ठेवून घेतले होते, बहिणीच्या तान्ह्या मुलीला मनगट्या करायला. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून काळे मणी बांधतात ना, तेवढेच. आणि त्याच मण्यांची माळ गळ्यात आल्यावर गळा सडायला लागला, तेव्हा तिला कळून चुकलं की हे देवानं दाखवलंय. गेले दोन महिने ती मंगळवार धरत होती, पाण्याशिवाय. पोत काढायची नाही, भोगायचं, असं तिनं ठरवलं होतं.

"काकू, मी तुमच्या घरची चोरी केली," ती म्हणाली. "तुमी माफ केलंत तर देव पन करंल."

आणि ती माझ्या पाया पडली. तिचा गळा माझ्या डोळ्यांखाली होता, पट्टा, खपल्या, सगळं. खरं सांगायला अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे गो. झालं ते झालं. पुन्हा करू नकोस."

पुन्हा करू नकोस! मी म्हणाले हे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याहून वेगळ्या नसतात. ती डोळे पुसून हलक्या मनानं गेली आणि मी पंख्याखाली घाम पुसत बसले. नवऱ्यानं विचारलं, काय झालं, तर त्याच्यावरच खेकसले.

त्या आठवड्यात मी रोह्याला मुलीकडे गेले. तिथं तरी विसर पडेल म्हणून. मुलगी सोनाराकडून नवी पोत करून आणणार होती, बोलता बोलता म्हणाली, ती तुझी काळी माळ काय सुंदर होती, तू उगाच हिसकावून घेतलीस. एवढ्यानंच मी फुटले. सगळं सांगितलं. निकेल, फोन, खोकी, तिचा गळा, पाया पडणं. मुलगी रागावेल, ओरडेल, असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "माझ्या गळ्यातली काढलीस, मग तिची का नाही काढलीस?" आणि ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली.

मी दुपारच्या एसटीनं निघाले. नागोठण्याला गाडी बराच वेळ थांबली तेव्हा खिडकीतून उडी टाकून परत फिरावं असं वाटत होतं, पण फिरणार कुठे? पेणला उतरून घरी गेले नाही. बाजारातून दोऱ्यात ओवलेली साधी काळी पोत घेतली, धातूचा कणही नसलेली, आणि सहा आसनी रिक्षात बसून तिच्या गावाला गेले. इतर बायकांकडे त्यानंतर मी एकेक करून गेलेच. काही माळा परत मिळाल्या, काही त्यांनी पुढे कुणाकुणाला दिलेल्या, त्या गेल्या त्या गेल्या. पण आधी तिच्याकडे.

ती ओटीवर बसून माझ्याच कामाचे मणी ओवत होती. काकू घरी आल्या म्हणून तिची कोण धांदल. चटई, पाणी, चहा. मी चहाचे दोन घोट घेतले आणि सांगून टाकलं. घाईघाईत, पाठ केलेलं म्हणावं तसं. हा देव नव्हे, हा धातू. तिकडच्या देशानं परत पाठवलेला माल. मी वाणात दिला. तुझ्या चोरीचा याच्याशी काही संबंध नाही.

तिला आधी कळेचना. मी नवी पोत पुढे केली. तिनं पाठ वळवून वाट्या काढल्या, नवीत ओवल्या, नवी आधी गळ्यात घातली आणि मगच जुनी सोडली, गळा क्षणभरही मोकळा राहू नये म्हणून. मग ती वळली आणि तिच्या तोंडावर असं हसू होतं की मला रडू आलं.

"म्हंजे देव माझ्यावर रागावला नाय?" ती म्हणाली.

मी म्हटलं, नाही गो, अजिबात नाही. ती हसतच राहिली. बहिणीला फोन करून सांगते म्हणाली, तिची बहीण मनगट्या काढून टाकायला निघाली होती म्हणे. त्या ठेव म्हणावं, मी सांगितलं, त्यात नुसते काचेचे मणी आहेत. मी शिव्या खायला गेले होते आणि तिथं सुटका साजरी होत होती. मला वाटलं, निभावलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं. मी कप पुन्हा तोंडाला लावला.

तेवढ्यात तिचं हसू थांबलं. ती काहीतरी मनात जुळवत होती.

"काकू, तुमाला हे कधीपास्नं म्हाईत?"

खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. संक्रांतीच्या आधीपासून, असं मी सांगितलं.

"मंग मी तुमच्या पाया पडले, तवा पन म्हाईत होतं?"

मी हो म्हटलं.

पुढे होऊन तिनं माझ्या हातातला कप काढून घेतला. चहा अजून अर्धा होता. तो तिनं अंगणात ओतला, आणि कप विसळायला मागच्या दारी गेली.